अंगठा उमटला तरी

इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ क्रॅडली हीथ नावाचं गाव आहे. 1910 च्या सुमारास तिथल्या बायका घरामागच्या छोट्या भट्टीत साखळ्या घडवत. सळई लाल करायची, टोक वाकवायचं, तोडायचं, मागच्या कडीत ओवायचं आणि घाव घालून सांधायचं. पोरंही तिथंच भट्टीच्या उबेला असत. आठवड्याला पन्नासच्या वर तास राबून हाती पडत चार ते सहा शिलिंग.

1909 साली ब्रिटनमध्ये ट्रेड बोर्ड कायदा झाला. तयार कपडे, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या हे चार धंदे त्याने आधी घेतले. मालक, कामगार आणि त्रयस्थ यांच्या मंडळाने बसून दर ठरवायचा, अशी रीत घातली. साखळीच्या मंडळाने तासाला अडीच पेन्स ठरवले. 54 तासांच्या आठवड्याला हे 11 शिलिंग 3 पेन्स झाले, म्हणजे मजुरी जवळपास दुप्पट.

पण कायद्यात एक फट होती. कामगाराने तसं लिहून दिलं, तर नवा दर सहा महिने लांबवता येई. मालकांनी कागद पुढे केले आणि वाचता न येणाऱ्या कित्येक बायकांची संमती त्यावर घेतली. कामगार पुढारी मेरी मॅकआर्थर यांच्या संघटनेने बायकांना उभं केलं. नवा दर मागणाऱ्यांना मालकांनी कामच द्यायचं बंद केलं. हा झगडा ऑगस्ट ते ऑक्टोबर असा दहा आठवडे चालला. देशभरातून सुमारे 4,000 पौंडांची वर्गणी जमली आणि अखेर मालकांना दर मान्य करावा लागला. उरलेल्या पैशांतून बायकांनी गावात कामगारांसाठी वास्तू बांधून घेतली.

किमान वेतनाच्या कुळात हा झगडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दर ठरवणं सोपं, तो पदरात पडणं अवघड, हे त्याने पहिल्याच वर्षी दाखवून दिलं. मजूर गरजेपोटी कशालाही हो म्हणतो. म्हणून त्याच्या होकारानेही खाली येणार नाही असा दर हवा.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. एप्रिल 1946 मध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. बिडी, तांदूळगिरण्या, तेलगिरण्या, चामडं, दगडफोड, शेती असे संघटना दुबळी असलेले धंदे त्याच्या यादीत होते. दर सुचवणाऱ्या समितीत मालक आणि कामगार समसमान, शिवाय त्रयस्थ सदस्य, ही घडणही ट्रेड बोर्डाशी नातं सांगते. आणि क्रॅडली हीथची ती फट इथे बुजवलेली होती. त्या कायद्याचं कलम 25 सांगत होतं की किमान दराचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा कोणताही करार रद्दबातल आहे. अंगठा उमटला तरी दर तोच.

1983 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. राजस्थानातल्या दुष्काळी कामावर मजुरांना किमान दराहून कमी मिळत होतं. उपासमारीतून आलेली तयारी ही मोकळी संमती नव्हे. किमान दराहून कमी देऊन काम घेणं म्हणजे राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारी, असं न्यायालयाने ठरवलं. पुढे 2019 च्या वेतन संहितेने यादीचं बंधन काढलं आणि साऱ्या देशासाठी तळदराची तरतूद केली. कोणत्याही राज्याचा दर त्याखाली जाता कामा नये.

आता कागद पालटला आहे. मस्टरवर पुऱ्या रकमेपुढे सही घेतली जाते आणि हातात कमी पैसे टेकवले जातात. कधी बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि ठेकेदार त्यातला वाटा रोखीने परत मागतो. संहितेने पगार दिल्याचा पुरावा देण्याचा भार मालकावर टाकला, हे रास्तच झालं. पण तक्रार करायची तर काम जाण्याची भीती मजुराच्या मानेवर असतेच. म्हणून तपासनीस मस्टर पाहून परतणारा नको, मजुराला ठेकेदारापासून बाजूला घेऊन विचारणारा हवा. असे तपासनीस पुरेशा संख्येने नेमणं हे सरकारचं काम आहे, आणि ते मागत राहणं आपलं.