शिकारीतला न्याय

महाभारताच्या वनपर्वात एका रानडुकरावरून भांडण लागते. मूक नावाचा दैत्य डुकराचे रूप घेऊन अर्जुनावर चालून येतो. अर्जुन बाण सोडतो, त्याच क्षणी एक किरातही सोडतो, आणि जनावर मरून पडते. मग डुक्कर राहते बाजूला आणि वाद पेटतो तो नेम आधी कोणी धरला होता ह्यावर. अर्जुन त्या किराताला सुनावतो की, तू मृगयेचा धर्म मोडलास. किरात म्हणजे प्रत्यक्ष शंकर, हे त्याला मागाहून कळते. कीर्तनकार येथून लगेच पाशुपतास्त्राकडे वळतात. मी मात्र ह्या भांडणापाशीच थांबतो. शिकारीला काही धर्म असतो, ही गोष्ट इतक्या जुन्या काळी गृहीत धरलेली होती. आणि तो धर्म एका रानातल्या माणसालाही ठाऊक असला पाहिजे, असे राजपुत्र धरून चालला होता.

पुढच्या काळात ह्या धर्माला साहेबाने आपले नाव दिले. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. जनावर मोकळ्या रानातले असावे आणि शिकाऱ्याने त्याच्यावर अवाजवी फायदा घेऊ नये, हे त्या क्लबचे तत्त्व. आपण त्याला रास्त पाठलाग म्हणू. आपल्या दख्खनमध्ये इंग्रज लष्करी अधिकारी त्याच्या कितीतरी आधीपासून घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारीत होते, आणि त्यांचे नियम कडक होते. डुकरिणीला हात लावायचा नाही. लहान पिलू सोडून द्यायचे. नर उठला की त्याला थोडे पुढे पळू द्यायचे, मगच घोडे सोडायचे. पहिले रक्त ज्याच्या भाल्याला लागेल त्याचा मान, सुळे त्याचे. म्हणजे पुन्हा अर्जुन आणि किरात! मुंबई इलाख्यात भाला लांब असे व तो हात खाली ठेवून धरीत. बंगाल्यात तो आखूड, शिशाने जड केलेला, वरून हाणायचा. बेडन-पॉवेल, ज्यांनी पुढे बालवीर चळवळ काढली, त्यांनी ह्या खेळावर १८८९ साली एक सबंध ग्रंथ लिहिला. मीरतेच्या कादिर चषकासाठी तर स्पर्धा भरत.

ह्या माणसांना भ्याड म्हणता येणार नाही. रानडुकराचे डोळे अधू, पण नाक तिखट. खालचे सुळे वरच्यांवर घासून घासून धार लावल्यासारखे होतात, आणि कोंडीत सापडलेला नर घोड्याचे पोट फाडतो. काळ्या जमिनीतल्या भेगांवरून व नाल्यांवरून भरधाव घोडा टाकणारा स्वार आपलाही जीव पणाला लावीत होता. तेव्हा नियम रास्त होते, हे मी मान्य करतो. फक्त ते दोघांतच होते, स्वार आणि डुक्कर. त्या रानात तिसरा माणूस होता, त्याचे काय?

तिसरा माणूस म्हणजे हाकेवाला. डुक्कर आपण होऊन उसातून किंवा बाभळीच्या बनातून बाहेर येत नाही. त्यासाठी रान उठवावे लागते, आणि ते डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत उठवायचे असते पायी चालणाऱ्यांनी. अंमलदाराचा मुक्काम पडला की पाटलाकडे निरोप जाई आणि वतनाच्या कामात जुंपलेल्या महारांपासून गावची माणसे गोळा होत. त्या दिवशी घरची सुगी असो नाहीतर चूल थंड असो. डुकराला पुढे पळायला वेळ देणाऱ्या नियमांत हाकेवाल्याच्या मजुरीचा नियम नव्हता. मी आयुष्यभर हजेरीपुस्तके आणि पगारपत्रके तपासली, म्हणून मला हीच ओळ आधी दिसते, त्याला इलाज नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा सुधारण्याचे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हीच वेठ होती. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः भाल्याच्या शिकारीचे मोठे नादी. पण त्यांनीच आपल्या राज्यात महारांच्या वेठीला आळा घातला आणि फासेपारध्यांना जवळ करून काम दिले. नाद आणि न्याय एका माणसात राहू शकतात, एवढे त्यावरून दिसते.

आता आपल्या दारातले सांगतो. इंदापूर तालुक्यातले वडापुरी हे तिरमाळी नंदीबैलवाल्यांचे ठाणे. गुबुगुबु वाजवीत, नंदीला मान हलवायला लावीत दारी येणारा हा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या मागून येणारी कुत्री मात्र आपण नीट पाहिली नाहीत. मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ ह्या अभ्यासकांनी १९८३ साली आपल्या ह्या कोरड्या मुलखातल्या तीन भटक्या जमातींची शिकार तपासून मांडली. नंदीबैलवाले कुत्र्यांच्या जोरावर डुक्कर, साळिंदर, घोरपड धरीत. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर असली बारकी जनावरे पकडीत. फासेपारधी फास टाकून काळवीट आणि तित्तर मिळवीत. रान एकच, पण हत्यार वेगळे आणि सावजही वेगळे, म्हणून एकाचा दुसऱ्याच्या पोटावर पाय पडत नसे.

ह्याहून मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी नोंद. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. त्यांच्यापाशी क्लब नव्हता, चषक नव्हता, छापील ग्रंथही नव्हता. घरात त्या रात्री शिजवायला काही नसेल, तरीही सोडून देत. साहेब डुकरीण सोडी तेव्हा त्याचे जेवण तंबूत तयार असे, हा फरक लक्षात घ्या.

आणि ह्या दोघांना सरकारने काय दिले? भालेवाल्या साहेबाला खेळाडू म्हटले. पारध्याला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, जो पुढे १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत आला, जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटात पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबे काटेरी तारेच्या आत ठेवली आणि त्यांतल्या धडधाकट हातांना गिरण्यांत लावले. बाहेर जायला पास, परत आल्यावर हजेरी. स्वस्त आणि न पळणारा मजूर गिरणीमालकाला ह्याहून सोयीचा कोठे मिळणार? तार सुटली ती फार उशिरा.

इकडे रानही पालटले. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, वालचंदनगरचा कारखाना १९३४ च्या सुमारास उभा राहिला, आणि १९८० च्या आसपास उजनीचे पाणी भरले. लोणी देवकरच्या माळावर तर आता औद्योगिक वसाहत आहे. माळ आटला तसे काळवीट आणि चिंकारा हटले. रानडुकराचे मात्र फावले, कारण ऊस म्हणजे त्याला छप्पर आणि जेवण दोन्ही. तोडीच्या हंगामात फड चहूबाजूंनी आवळत जातो आणि सगळी जनावरे शेवटच्या तुकड्यात जमतात. तिथे कोयता घेऊन शिरतो तो ऊसतोड्या. जुना हाकेवालाच हा, फक्त समोर स्वार नाही.

आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली डुकराची शिकार बंद आहे, मग ती भाल्याने असो, फासाने असो वा कुत्र्यांनी. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर अकराव्या कलमाखाली वनखात्याकडे मारण्याची परवानगी मागता येते. आणि परवानगीने मारलेले डुक्कर कोणाचे? नेम आधी कोणी धरला हे तेथे विचारीत नाहीत. एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे ते राज्य सरकारची मालमत्ता होते, सुळ्यांसकट.