मास्तरांची पाणबुडी आणि वर्गणीचा पैसा

बचत गटाच्या बैठकीत कर्ज कुणाला द्यायचं यावरून कधी आवाज चढतात, पण वही उघडी असते तोवर भागतं. आजची गोष्ट वही बंद झाल्यावर काय झालं त्याची आहे, आणि ती गटाची नाही, एका पाणबुडीची आहे.

पाणबुडी म्हणजे पाण्याखालून चालणारं जहाज. मुंबईला माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या गेल्या आहेत, त्यातल्या एकीचं नाव खांदेरी. ती बुडते कशी? रिकामी कळशी विहिरीत सोडली तर तरंगते, तोंडातून पाणी शिरलं की खाली जाते. पाणबुडीत मोठ्या टाक्या असतात. त्यात पाणी घेतलं की ती जड होते, हवेच्या दाबाने पाणी बाहेर ढकललं की पुन्हा वर येते.

ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी म्हणजे ‘हॉलंड १’. नाव पडलं ते जॉन फिलिप हॉलंड या शाळामास्तरांवरून. मास्तर आयर्लंडचे, जन्म १८४१. आपल्यासारखाच तो देशही इंग्रजांच्या राज्याखाली होता. मास्तर लहान असताना तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला, शेतातला बटाटा शेतातच सडला. दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली, तेवढीच देश सोडून निघाली. आयरिश लोकांच्या मनात इंग्रजांबद्दल राग होता तो असा.

१८७३ मध्ये मास्तर अमेरिकेत आले आणि पॅटरसन गावच्या शाळेत शिकवू लागले. डोक्यात मात्र पाणबुडीच. इंग्रजांचं आरमार जगात सगळ्यात मोठं, त्याच्याशी समोरासमोर लढणं शक्य नाही; पण पाण्याखालून गेलं तर? अमेरिकेतल्या आयरिश क्रांतिकारकांना हे पटलं. त्यांच्याकडे १८७६ पासून एक लढ्याचा निधी जमत होता. त्यात पैसे टाकणारे कोण, तर गोदीतले हमाल, मजूर, आणि श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आयरिश मुली. या निधीतून मास्तरांनी आधी एक छोटी बोट केली आणि १८८१ मध्ये तीन माणसांची मोठी बोट पाण्यात उतरवली. तिला ‘फेनियन रॅम’ म्हणत. फेनियन म्हणजे आयरिश क्रांतिकारक. बोट खरंच बुडायची, चालायची आणि वर यायची.

मग हिशेबावरून फाटलं. निधी कुणी, कशावर खर्च केला यावरून पुढाऱ्यांत भांडण लागलं, कोर्टकचेरीची भाषा सुरू झाली. बोटीवर जप्ती येईल या भीतीने नोव्हेंबर १८८३ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी मास्तरांच्या खोट्या सहीचा कागद दाखवून ती रात्री पळवली. सोबत ओढून नेलेली दुसरी लहान बोट वाटेतच बुडाली. मोठी बोट नेली खरी, पण चालवायची कशी कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी मदतीला साफ नकार दिला. बोट एका शेडमध्ये पडून राहिली. मला यात मास्तरांपेक्षा त्या मोलकरणींचं वाईट वाटतं. पैसा त्यांचा, आणि भांडणात त्यांना कुणी विचारलंही नाही.

मास्तर थांबले नाहीत. नव्या बोटी केल्या, आणि १९०० मध्ये त्यांची एक बोट अमेरिकेच्या नौदलाने दीड लाख डॉलरला घेतली. पण तोवर पेटंट आणि कारभार कंपनीच्या हातात गेला होता, मास्तर पगारी माणूस झाले होते. त्याच कंपनीने बोट बांधायचा परवाना विकला, तो इंग्रजांना! ज्यांना बुडवायला वर्गणी जमवली होती त्यांच्याच हातात तिची पोर गेली म्हणा ना.

इंग्लंडमध्ये बॅरो गावच्या व्हिकर्स कारखान्यात पाच बोटी बांधायचं ठरलं, एकीची किंमत ३५ हजार पौंड. काम गुपचूप चाले. शेडवर पाटी होती ‘यॉट शेड’, म्हणजे हौशी नावांची शेड. २ ऑक्टोबर १९०१ ला ‘हॉलंड १’ पाण्यात उतरली. लांबी जेमतेम ६४ फूट, आत आठ माणसं. पाण्यावर पेट्रोलचं इंजिन, पाण्याखाली बॅटरी. पेट्रोलचा वास आणि विषारी धूर आत कोंडायचा, म्हणून पांढरे उंदीर सोबत ठेवत. उंदीर मलूल झाला की माणसांनी सावध व्हायचं. बाहेर बघायला दुर्बिणीची नळी होती, पण मागे फिरवली की चित्र उलटं दिसायचं. मार्च १९०३ मध्ये आत स्फोट होऊन चौघे जखमी झाले.

लढाईला म्हणाल तर ती एकदाच निघाली. ऑक्टोबर १९०४ मध्ये रशियाच्या आरमाराने इंग्रज कोळ्यांच्या होड्यांना शत्रू समजून गोळीबार केला, तेव्हा या छोट्या बोटी पोर्ट्समथहून रशियनांवर धाडल्या. वाटेतूनच परत बोलावल्या. बाकी सगळी वर्षं शिकवण्यात गेली. पुढे पाणबुड्या चालवणारे खलाशी या बोटींवर शिकले, म्हणून मी तिला बिनकामाची म्हणणार नाही.

१९१३ मध्ये ती भंगारवाल्याला ४१० पौंडांना विकली. ओढून नेताना वादळ लागलं, दोर सोडावा लागला आणि प्लिमथजवळच्या एडिस्टन दीपगृहापाशी ती बुडाली. आत कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होता होता मास्तर वारले.

१९८१ मध्ये ती समुद्रतळाशी सापडली, पुढच्या वर्षी वर काढली. पण लोखंडात मुरलेलं मीठ तिला आतून खात राहिलं. शेवटी तिच्याभोवती मोठी टाकी बांधून तिला काही वर्षं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलं, मग कुठे गंज थांबला. आता ती इंग्लंडमध्ये गॉसपोर्टच्या संग्रहालयात आहे.

आणि ती पळवलेली ‘फेनियन रॅम’? १९१६ मध्ये आयर्लंडात उठाव झाला, तो इंग्रजांनी मोडून काढला. त्यात होरपळलेल्यांसाठी पैसे उभे करायला तिला न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात मांडलं. वर्गणीतून झालेली बोट तेहतीस वर्षांनी पुन्हा वर्गणीच्याच कामी आली. सध्या ती पॅटरसनच्या संग्रहालयात आहे, मास्तर जिथे शिकवत त्याच गावात.