आधीं रस्ता, मग नगर

नगर वाढल्यावर रस्ता रुंद करूं म्हटलें, तर घरें पाडावीं लागतात. न्यूयॉर्कनें हा क्रम उलटा केला. १८११ सालीं तेथील वस्ती सुमारें एक लाख. मॅनहॅटन बेटाच्या उत्तरेस बहुतेक शेतें नि टेकड्याच. तरीहि तीन आयुक्तांनीं १५५ व्या रस्त्यापर्यंत नकाशा आंखला: दक्षिणोत्तर हमरस्ते १०० फूट रुंद, आडवे रस्ते ६० फूट, त्यांपैकीं पंधरा मात्र १०० फुटी. रेघ आधीं ठरली. जमीन पुढें गरजेप्रमाणें घेतली गेली. जमीनमालक संतापले, परक्या जमिनींत शिरल्याबद्दल मोजणीदार जॉन रँडेल यांस अटकहि झाली. रेघेंत आलेलीं कांहीं घरें हलवावीं वा पाडावीं लागलीं, हेंहि खरें. परंतु शतक संपण्यापूर्वींच वस्ती दहा लाखांवर गेली, तेव्हां तिची वाट ठरलेली होती. रस्त्याची रुंदी आजच्या रहदारीवरून नव्हे, उद्यांच्या वस्तीवरून ठरवावी, हाच त्या नकाशाचा धडा.