मद्यपी वाहनचालन व प्रतिबंध (अहिल्यानगर जिल्हा)

दारूच्या अंमलाखाली सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणे रोखण्यासाठीचे कायदेशीर व सामाजिक उपाय. पोलिसांच्या बोलीत 'ड्रंक अँड ड्राइव्ह'. अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) हा 17,048 चौ. किमी. क्षेत्रफळाचा, राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. पुणे–नाशिक व नगर–मनमाड हे वर्दळीचे रस्ते येथून जातात. गळीत हंगामात त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, शिर्डीकडे निघालेले पदयात्रीही. मद्यनिर्मितीसाठी ओळखले जाणारे टिळकनगर (ता. श्रीरामपूर) आणि दारूबंदीसाठी ओळखली जाणारी राळेगणसिद्धी (ता. पारनेर) एकाच जिल्ह्यात आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलि. रक्तात 30 मिग्रॅ.पेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास गुन्हा होतो. ही मर्यादा 1994 च्या दुरुस्तीने आली; त्यापूर्वी कितीही अल्प प्रमाण पुरेसे होते. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही. राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यातील प्रमाण मात्र 0.05 टक्के, म्हणजे 50 मिग्रॅ. एकाच रक्ताच्या नमुन्याला दोन कायद्यांत दोन मोजपट्ट्या लागतात, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नमुना घेण्याची रीत 1959 च्या नियमांत आहे. ती किती काटेकोर पाळली, यावर खटला तरतो किंवा पडतो. धुळ्याकडील एका अपघाताच्या प्रकरणात हाच वाद 1963 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास चालकाला सोडावे लागते (कलम 202). शहरात ही अट जाचक नाही. भंडारदऱ्याच्या घाटात रात्री अडवलेल्या चालकाच्या बाबतीत मात्र डॉक्टर किती अंतरावर आहे, यावरच सारे ठरते.

महामार्गावरील दुकाने : 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. 31 मार्च 2017 रोजी 20,000 वा त्याहून कमी वस्तीच्या हद्दीत हे अंतर 220 मीटरवर आले, आणि जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दी वगळण्यात आल्या. संगमनेर, राहुरी, कोपरगाव ही महामार्गावरची गावे नगरपालिकांची असल्याने तेथे आदेशाचा जोर ओसरला.

लोकचळवळ : राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी 1975 नंतर गावातील दारूभट्ट्या बंद पाडल्या. मद्यपींना खांबाला बांधून मारण्याच्या तेथील रीतीविषयी मतभेद आहेत. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून गावातील दारू दुकानाविषयी गुप्त मतदान होते. निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला, म्हणजे बंदीच्या बाजूने, पडल्यास दुकान बंद होते. निघोज (ता. पारनेर) येथील महिलांचा लढा विशेष उल्लेखनीय. गावातले दुकान बंद झाले की पिणारा मोटारसायकलवरून शेजारच्या गावी जातो आणि रात्री झिंगून परततो, असा एक आक्षेप आहे. तो सर्वमान्य नाही.

व्यसनमुक्ती : प्रामुख्याने स्वयंसेवी प्रयत्न.

दारूबंदी कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. हे दल अवैध दारूची खबर देऊ शकते; चालकाला श्वासचाचणीच्या मशीनमध्ये फुंकायला लावण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस किंवा मोटार वाहन विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यालाच आहे.