बाटलीतली केळ

केडगाव म्हटले की आपल्यापैकी अनेकांना दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव आठवते. आम्हांला येथे अभिप्रेत आहे ते अहिल्यानगर शहराला लागून, पुणे रस्त्यावर वसलेले केडगाव. तेथील हातगाडीवरची केळी निरखून पाहावीत: लांबी, वाक, रंग, सारे एकाच साच्यातले. ही बहुधा ‘ग्रँड नैन’ जातीची असतात. शेतकरी तिला ‘जी-नाइन’ म्हणतात. तिच्या रोपाचा जन्म बहुतेक वेळा मातीत नव्हे, प्रयोगशाळेतील बाटलीत झालेला असतो.

केळ मूळची दक्षिण व आग्नेय आशियातली. खाण्याच्या केळात रुजणारे बी नसते, म्हणून ती जगभर फिरली ती माणसाच्या हातानेच. पुढे पनामाचे बिशप झालेले डोमिनिकन संन्यासी तोमास दे बेर्लांगा यांनी १५१६ मध्ये कॅनरी बेटांवरून तिचे कंद कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर नेले. ग्रँड नैन ज्या ‘कॅव्हेंडिश’ गटातली, त्या गटाला नाव मिळाले ते एका इंग्रज सरदार घराण्याचे. १८३० च्या दशकात त्यांच्या माळ्याने, जोसेफ पॅक्स्टनने, काचघरात ही केळ फळाला आणली. त्याच दशकाच्या अखेरीस प्रोटेस्टंट मिशनरी जॉन विल्यम्स यांनी तिची रोपे सामोआ बेटांवर पोहोचवली. धर्मप्रसारकांच्या सामानात ग्रंथांबरोबर कंदही असत, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

कंद वा मुनवा लावला की मूळ झाडाचीच प्रतिकृती उगवते, आणि मातेचा रोगही लेकराकडे येतो. ऊतिसंवर्धनाची कथा येथे या कथेला मिळते. वनस्पतीची सुटी पेशी पोषकद्रवात जगवून तिच्यापासून अवघे झाड घडवता येईल, हे स्वप्न गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडले. त्याच्या पेशी जगल्या, पण दुभंगल्या नाहीत. १९५८ मध्ये स्ट्यूअर्ड यांनी अमेरिकेत गाजराच्या पेशींपासून रोपांकुर घडवले आणि १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी पोषकद्रवाची जी कृती दिली, ती आजही प्रयोगशाळांतून वापरात आहे. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जगन्नाथन, मस्करेन्हस व रजनी नाडगौडा यांनी १९७८ मध्ये हळदीची रोपे या मार्गाने वाढवली. १९९० मध्ये नाडगौडा, पराशरामी व मस्करेन्हस यांनी बाटलीतल्या बांबूला फुले आणली. जो बांबू रानात अनेक दशकांनी एकदाच फुलतो, तो काही आठवड्यांत फुललेला पाहून जगातील शास्त्रज्ञ चकित झाले.

ग्रँड नैन इस्रायलमार्गे १९९० च्या दशकात आपल्याकडे आली. जळगावच्या जैन इरिगेशनने ठिबक सिंचनाच्या जोडीने ती रुजवली. मुनव्याचा कोवळा शेंडा निर्जंतुक करून बाटलीत ठेवतात, संप्रेरकांनी त्याला फुटवे आणतात, मुळे फुटली की रोपे हरितगृहात व नंतर शेडनेटखाली सरावतात. एकाच शेंड्यापासून फार वेळा फुटवे काढले तर विकृत रोपे निघतात, म्हणून त्यालाही मर्यादा ठेवावी लागते. केवळ बाटलीतून आल्याने रोप विषाणुमुक्त ठरत नाही, तपासणी हवीच. २००६ पासून केंद्राची प्रमाणन व्यवस्था त्यासाठी आहे. बिल देताना शेतकऱ्याने तो दाखला अवश्य मागावा.

सारी बाग एकसमान, एकाच सुमारास कापणीला येते. व्यापाऱ्याला हे सोयीचे, शेतकऱ्यालाही लाभाचे. तथापि पूर्वी शेजाऱ्याकडून मिळणारा मुनवा आता विकत घ्यावा लागतो, आणि वसईची सुकेळी जिच्यापासून होतात ती राजेळी या शर्यतीत मागे पडते, याची आम्हांला खंत वाटते.

धोका याहून मोठा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ ही जात होती. मातीतील बुरशीच्या ‘पनामा’ मर रोगाने तिच्या बागाच्या बागा संपवल्या, म्हणून कॅव्हेंडिश पुढे आली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशवर उलटला आहे. बिहार व उत्तर प्रदेशात तो शिरला आहे. निरोगी रोप लावले तरी दूषित मातीत त्याचा निभाव लागत नाही.

तैवानमधील संशोधकांनी मात्र नेमक्या अशाच मातीत ऊतिसंवर्धित रोपे लावली. बहुतेक मेली. जी थोडी तगली, ती बाटलीत असताना मूळ झाडापासून किंचित बदललेली होती. प्रयोगशाळा ज्याला दोष मानून फेकून देते, त्या बदलातूनच ‘फॉर्मोसाना’ ही सहनशील कॅव्हेंडिश निवडली गेली.