मोटारीचे माप आणि कराची पट्टी

मोटारगाडी लहान कोणती आणि मोठी कोणती, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की लहान मूलही त्याचे उत्तर देईल. परंतु सरकारदरबारी जे उत्तर नोंदले जाते ते डोळ्यांनी पाहून दिलेले नसते. ते कराच्या पट्टीने मोजून दिलेले असते. या पट्टीचा इतिहास पाहू लागलो म्हणजे असे दिसून येते की, तिने गाड्या नुसत्या मोजल्या नाहीत, तर घडविल्याही. इंग्लंड, जपान आणि आपला देश अशा तीन ठिकाणी हे कसे घडले, ते आपण क्रमाने पाहू.

इंग्लंडमध्ये १९२१ सालापासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजावयाची नव्हती. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे, की झाली अश्वशक्ती! आतला दट्ट्या किती लांब धावतो, याला या गणितात जागाच नव्हती. अमेरिकेहून आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच होता, सिलिंडर चार, तेव्हा हिशेबाने साडेबावीस अश्वशक्ती भरली. १९२२ साली निघालेल्या ‘ऑस्टिन सेव्हन’चा व्यास सव्वादोन इंचांहूनही थोडा कमी, तिची अश्वशक्ती आठांच्या आत बसली. दोहोंच्या इंजिनांच्या खऱ्या जोरातील फरक सुमारे दुपटीचा, पण करातील फरक जवळजवळ तिपटीचा झाला. मग इंग्रज कारखानदार काय करणार? त्यांनी सिलिंडर अरुंद केले आणि दट्ट्याची धाव लांबविली. ‘सेव्हन’, ‘एट’, ‘टेन’ ही गाड्यांची नावेसुद्धा या करगणनेतूनच आली. अशी इंजिने स्वदेशी करात स्वस्त पडली. परंतु परदेशांतील लांबलांब रस्त्यांवर सतत वेगाने धावण्यास ती तितकीशी अनुकूल नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी परदेशी विकून डॉलर मिळविण्याची वेळ आली, तेव्हा ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली, आणि १९४८ साली नव्या गाड्यांवर सरसकट एकच कर ठेवण्यात आला. पट्टी गेली, पण तिने पाव शतकाहून अधिक काळ यंत्रशास्त्राला जे वळण लावले, ते काही एका रात्रीत गेले नाही.

जपानने पट्टी धरली ती वेगळ्या हेतूने. युद्धाने खचलेल्या देशात सामान्य माणसाला पूर्ण आकाराची मोटार परवडण्यासारखी नव्हती. म्हणून १९४९ साली ‘केई’, म्हणजे हलक्या, गाड्यांचा एक निराळा वर्ग ठरविण्यात आला. आरंभीची मर्यादा इतकी तोकडी होती की तीत धड मोटार बसणे कठीणच होते. ती वाढत वाढत ३६० घनसेंटिमीटरपर्यंत गेली, तेव्हा १९५८ साली ‘सुबारू ३६०’सारखी चार माणसांची गाडी जन्मास आली. पुढे १९७६ साली ही मर्यादा ५५० वर आणि १९९० साली ६६० वर नेण्यात आली. लांबीरुंदीवर कडक बंधन, पण उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक! तेव्हा जागा हवी असेल तर ती वरच शोधावयाची. १९९३ सालची उंच ‘वॅगन आर’ अशी जन्मली, आणि १९९९ साली तिचे मोठ्या इंजिनाचे भावंड आपल्या रस्त्यांवर आले. त्याच्याही आधी, १९८३ च्या डिसेंबरात विकली जाऊ लागलेली ‘मारुती ८००’ हीसुद्धा जपानच्या याच वर्गातील गाडीवरून बेतलेली होती. आपल्याकडील कितीएक कुटुंबांची पहिली मोटार अशा रीतीने टोकियोतील नियमाच्या मापाची निघाली.

आता आपली स्वतःची पट्टी पाहू. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. लहान म्हणजे कोणती? लांबी चार मीटरांपेक्षा अधिक नाही, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरांच्या आत. दोन वर्षांतच, म्हणजे २००८ साली, पुण्याच्या टाटा कारखान्याने आपल्या ‘इंडिगो’ची डिकी आखडून ती चार मीटरांत बसविली. २०१२ साली ‘डिझायर’नेही तोच मार्ग धरला, तिची लांबी भरली ३९९५ मिलिमीटर! पाच मिलिमीटर राखून घेतलेली ही गाडी पाहिली म्हणजे शिंपी आणि कापड यांची आठवण होते. फरक इतकाच की, येथे माप गिऱ्हाईकाचे नव्हे, करखात्याचे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तरी चार मीटरांची रेषा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के असा कर लागू झाला. एवढी दरी पडल्यावर रेषेच्या आत राहण्याचा मोह कोणाला होणार नाही?

या रेषेने काहीच साधले नाही, असे आम्ही म्हणत नाही. मध्यम स्थितीतल्या माणसाला गाडी आवाक्यात आली, शहरांतल्या गल्ल्यांना आखूड गाड्या मिळाल्या, हा लाभ खराच. परंतु चार मीटरांच्या आतली उंच, वजनदार गाडीही ‘लहान’च ठरते, आणि हलकी, कमी इंधन पिणारी गाडी चार बोटांनी लांब झाली तर ‘मोठी’ होते. अमेरिकेत इंधनखर्चाच्या तुलनेसाठी जी वर्गवारी करतात, तीत बैठकीची व सामानाची आतली जागा घनफुटांत मोजतात. कारण तेथे हेतू निराळा आहे. म्हणजे माप हेतूवर अवलंबून असते, हे उघड आहे. विजेच्या मोटारीला तर घनसेंटिमीटरच नाहीत; तिच्यापुढे अर्धी पट्टी मुकीच होते.

तात्पर्य, वर्ग हा निसर्गाने पाडलेला नसून माणसाने विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेपोटी पाडलेला असतो. गरज बदलते आणि रेषा मागे उरते. इंग्लंडला ते उमगण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. म्हणून कराची कोणतीही रेषा समोर आली की, ती कशासाठी आखली आणि अजून तेच मोजते काय, हे दोन प्रश्न नागरिकांनी विचारीत राहिले पाहिजे. कर शेवटी आपल्याच खिशातून जातो, आणि रस्ताही आपल्यालाच वापरावयाचा असतो.