रिझर्व्ह बँकेच्या दारातली यक्षी

बँक म्हटलं की आपल्याला पासबुक, रांग आणि तारण आठवतं. पण दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दारात दोन भव्य दगडी मूर्ती उभ्या आहेत, यक्ष आणि यक्षी. कुबेर हा यक्षांचा राजा, धनाचा राखणदार. म्हणून बँकेसाठी ही जोडी निवडली. यक्ष म्हणजे उद्योगातून येणारी समृद्धी, यक्षी म्हणजे शेतीतून येणारी.

सरकारी इमारती बांधताना थोडा पैसा आपल्या कलावंतांनाही मिळावा, ही पंडित नेहरूंची सूचना. शांतिनिकेतनचे रामकिंकर बैज यांनी हे काम घेतलं. कांगडा भागातला दगड आणून मूर्ती घडवायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. यक्षी विवस्त्र म्हणून टीका झाली, राज्यसभेत प्रश्न विचारला गेला. तरी ती तिथेच उभी राहिली.

तिजोरीतला ठेवा मोजक्यांनाच दिसतो. ही यक्षी मात्र खातं नसलेल्या बाईलाही रस्त्यावरून दिसते. देशाच्या बँकेने शेतीच्या समृद्धीला बाईचं रूप दिलं. आम्हाला वाटतं, आता एवढंच विचारायचं राहिलं: शेतात राबणाऱ्या आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे?